हातातल्या फोनवर दुकानाचे बिल: वाचकांच्या शंका आणि त्यांची उत्तरे

विक्रेत्याने हातातला फोन वस्तूवरच्या पट्टीसमोर धरावा, ग्राहकाने जागच्या जागी कार्ड टेकवावे आणि काउंटरपाशी न जाता बाहेर पडावे, ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. तिच्याविषयी आलेल्या पत्रांत दुकानमालकांची पत्रे आहेत, विक्रेत्यांची आहेत आणि ग्राहकांचीही आहेत. त्यांच्या शंकांचा रोख वेगवेगळा आहे. पण ती वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. या साऱ्या व्यवस्थेत फोन हे सर्वांत सोपे अंग असते, आणि विचार मात्र बहुतेक वेळा त्याचाच होतो. म्हणून खालील उत्तरांत फोनपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींना मी जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: आमच्याकडे बिलासाठी खास बनवलेली हँडहेल्ड यंत्रे आहेत. ती जड आहेत, महाग आहेत आणि नव्या माणसाला शिकवायला वेळ लागतो. त्यांच्याऐवजी बाजारात कोणालाही मिळणारे साधे फोन वापरले तर चालतील का?

चालतील. हा प्रयोग आता जुनाही झाला आहे. २००९ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या दुकानांतली विंडोज मोबाइलवर चालणारी हँडहेल्ड यंत्रे काढून विक्रेत्यांच्या हाती स्वतःचाच आयपॉड टच दिला. त्याला मागून एक जाडसर कवच बसवलेले होते, आणि बारकोड वाचणारे उपकरण व कार्ड ओढण्याची खाच ही दोन्ही त्या कवचात होती. म्हणजे घरगुती वापराच्या वस्तूकडून पडदा, प्रोसेसर, वाय-फाय आणि बोटांना आधीच लागलेली सवय एवढेच घेतले गेले. बिलाचे खरे काम करणारे भाग बाहेरून जोडावे लागले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या स्क्वेअर कंपनीचे पहिले कार्डवाचक फोनच्या हेडफोनच्या छिद्रात बसत असे आणि चुंबकीय पट्टीवरची माहिती आवाजाच्या लहरींच्या रूपात फोनकडे पाठवत असे. तिथेही हीच विभागणी होती.

आपल्या प्रश्नाचे अवघड उत्तर याच विभागणीत आहे, कारण कवच किंवा कार्डवाचक ज्या फोनच्या मापाने आणि ज्या छिद्राच्या भरवशावर बनवलेले असते, तो फोन आणि ते छिद्र दुकानदाराला विचारून बदलत नाही. २०१२ मध्ये आयफोनचा तीस पिनांचा कनेक्टर गेला आणि लायटनिंग आले, २०१६ मध्ये आयफोन ७ बरोबर हेडफोनचे छिद्र नाहीसे झाले, मे २०२२ मध्ये आयपॉड टचचे उत्पादनच थांबवल्याचे जाहीर झाले आणि २०२३ मध्ये आयफोन १५ बरोबर लायटनिंगच्या जागी यूएसबी-सी आले. यांतल्या प्रत्येक बदलाच्या वेळी कोणाच्या ना कोणाच्या कपाटात चांगली चालणारी, पण नव्या फोनला न बसणारी कवचे पडून राहिली असणार. दुकानी यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या एकच मॉडेल अनेक वर्षे विकतात आणि त्याचे सुटे भागही पुरवतात. ग्राहकांसाठीचे फोन बनवणाऱ्या कंपन्यांना वर्षाला नवे मॉडेल आणायचे असते. खास यंत्राच्या जास्त किमतीत या स्थैर्याची किंमतही धरलेली असते, हे हिशेब मांडताना विसरू नये.

साधे फोन घ्यायचेच ठरले, तर कार्डवाचक आणि स्कॅनर ब्लूटूथने जोडले जाणारे घ्यावेत, म्हणजे फोन बदलला तरी ते चालू राहतील. गरजेपेक्षा काही फोन जास्त, तेही एकाच खेपेत घ्यावेत. आणि सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळतील याचे निर्मात्याचे लेखी आश्वासन वाचूनच मॉडेल निवडावे. गूगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ या फोनपासून काही फोनना सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन मिळू लागले आहे, आणि दुकानाच्या दृष्टीने ते उत्तम कॅमेऱ्यापेक्षा मोलाचे आहे. मजबुतीच्या बाबतीत ‘आयपी६७’ या शिक्क्यावर विसंबू नका. त्यातला सहा हा आकडा धुळीविषयी आणि सात हा आकडा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याविषयी आहे; फोन हातातून फरशीवर पडल्यास काय होईल, याविषयी तो शिक्का काहीच सांगत नाही. जिथे हातमोजे घालून काम चालते, जिथे थंडगार गोदामात यंत्र तासन्‌तास राहते किंवा जिथे पाळी संपेपर्यंत बॅटरी काढून नवी बसवावी लागते, तिथे मात्र खास यंत्रेच ठेवावीत असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: फोनचा कॅमेरा बारकोड वाचतो, मग वेगळा स्कॅनर कशाला?

दिवसाकाठी एका विक्रेत्याला किती वस्तू स्कॅन करायच्या आहेत, यावर याचे उत्तर ठरते. बहुतेक मालावर दिसणारा तेरा अंकी बारकोड पंचाण्णव बारीक उभ्या घटकांचा बनलेला असतो आणि नेहमीच्या आकारात त्यातला एक घटक ०.३३ मिलिमीटर रुंद असतो. छोट्या वेष्टनासाठी तो त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत लहान छापता येतो. एवढी बारीक रेघ वाचायची तर कॅमेऱ्याला ती स्पष्ट दिसली पाहिजे, आणि इथे एक विचित्र गोष्ट घडते. महागड्या फोनमधला मुख्य कॅमेरा मोठ्या सेन्सरचा असतो आणि अशा कॅमेऱ्यांपैकी अनेकांना पंधरा-वीस सेंटीमीटरपेक्षा जवळची वस्तू स्पष्ट दिसत नाही. विक्रेता सवयीने फोन वस्तूला चिकटवतो, चित्र धूसर होते, मग तो फोन मागेपुढे करत राहतो. एका वस्तूच्या बाबतीत हे दोन सेकंदांचे काम आहे. चाळीस वस्तूंच्या बिलात तेच ग्राहकाच्या आणि विक्रेत्याच्या सहनशीलतेची परीक्षा पाहते.

दुसरी अडचण शेजारच्या बारकोडची. लेझर स्कॅनरची लाल रेघ कोणत्या पट्टीवर पडली आहे ते डोळ्यांना दिसते, तर कॅमेऱ्याच्या चौकटीत एकाच वेळी तीन वस्तूंच्या पट्ट्या आल्या की त्यांतली कोणती वाचली गेली ते बिल पाहिल्यावरच कळते. बारकोडमधला शेवटचा अंक हा आधीच्या बारा अंकांवरून काढलेला पडताळा-अंक असतो, त्यामुळे चुकीचे वाचन बहुधा पकडले जाते; पण शेजारच्या वस्तूचा बारकोड अचूक वाचला गेला तर पडताळा-अंक बिचारा काय करणार? म्हणून चौकटीच्या मधोमध आलेलाच कोड स्वीकारणारे आणि वाचल्याबरोबर वस्तूचे नाव व किंमत मोठ्या अक्षरांत दाखवणारे ॲप निवडणे आवश्यक आहे.

कॅमेऱ्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. जुने लेझर स्कॅनर क्यूआरसारखे चौकोनी कोड वाचू शकत नाहीत आणि ग्राहकाच्या फोनच्या पडद्यावरचे सवलतपत्रही त्यांना सहसा वाचता येत नाही. कॅमेऱ्याला दोन्ही जमते. बारकोडचे मानक सांभाळणाऱ्या जीएस१ या संस्थेने जगभरच्या दुकानांतील बिलिंग यंत्रणांना २०२७ च्या अखेरपर्यंत चौकोनी कोड वाचता यावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. तेव्हा आज नवा स्कॅनर घेणार असाल तर तो लेझरचा न घेता चित्र टिपणारा घ्या. बिलात एक-दोनच वस्तू असतील तर फोनचा कॅमेरा पुरेसा आहे. वस्तूंची संख्या दहाच्या पुढे जात असेल तर बोटाशी बटण असलेला वेगळा स्कॅनर द्यावा, कारण दिवसभर फोन छातीशी उचलून पडद्यात पाहत राहिल्याने मनगट आणि मान किती दुखते हे विक्रेत्यांनाच विचारावे.

प्रश्न: मी ग्राहक म्हणून विचारतो. विक्रेत्याच्या फोनवर कार्ड टेकवायला आणि त्याच्या पडद्यावर पिन टाकायला मला भीती वाटते. तो फोन माझ्या कार्डाची माहिती ठेवून घेत नसेल कशावरून?

आपली भीती अनाठायी नाही, आणि ती टाळण्यासाठी नेमके काय केले गेले आहे ते जाणून घेतल्यास ती योग्य जागी वापरता येईल.

चुंबकीय पट्टीवर कार्डाची माहिती जशीच्या तशी लिहिलेली असते, त्यामुळे जो ती वाचतो त्याला तिची नक्कलही करता येते. हेडफोनच्या छिद्रात बसणाऱ्या सुरुवातीच्या काही कार्डवाचकांत ही माहिती कूटबद्ध न होताच, म्हणजे सांकेतिक रूपात न बदलता, फोनपर्यंत जात असे, आणि त्यावर त्या काळी झालेली टीका योग्यच होती. चिपचे काम निराळे आहे. चिप प्रत्येक व्यवहारासाठी, त्या एका व्यवहारापुरतीच वैध असलेली सांकेतिक सही तयार करते. ती कोणी चोरून पुन्हा वापरू पाहिली तर बँकेकडे ती नाकारली जाते. कार्ड टेकवण्याच्या पद्धतीतही हीच चिप काम करते, आणि १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारा तो संवाद जेमतेम चार सेंटीमीटरच्या अंतरात होतो. म्हणून शक्य असेल तिथे कार्ड ओढू देण्यापेक्षा टेकवणे अधिक सुरक्षित आहे.

आता फोनचे पाहू. कार्ड वेगळ्या वाचकावर टेकवले जात असेल तर माहिती त्या वाचकाच्या आतच कूटबद्ध होते, आणि चांगल्या रचनेत प्रत्येक व्यवहाराला नवी किल्ली वापरली जाते. फोनच्या वाट्याला येते ती अर्थहीन अक्षरांची माळ. ती उलगडण्याची किल्ली फोनमध्ये नसतेच. फोन फक्त ती पुढे पोचवतो. याच कारणाने मी दुकानदारांना नेहमी वेगळा वाचक सुचवत आलो आहे, कारण फोनमध्ये काही बिघडले, कोणी नको ते ॲप टाकले, अगदी फोन चोरीला गेला, तरी कार्डाचा क्रमांक त्यात कधी आलेलाच नसतो.

फोनलाच वाचक बनवण्याची परवानगी फार सावकाश मिळत गेली. कार्डव्यवहारांच्या सुरक्षेची मानके ठरवण्यासाठी पाच मोठ्या कार्ड कंपन्यांनी २००६ मध्ये स्थापन केलेल्या पीसीआय परिषदेने २०१८ मध्ये फोनच्या काचेवर पिन घेण्याचे मानक काढले, पण त्यात अट अशी होती की कार्ड मात्र वेगळ्या वाचकानेच वाचायचे. पिन आणि कार्डक्रमांक एकाच फोनमध्ये एकत्र येऊ नयेत, हा त्यामागचा विचार होता. २०१९ च्या डिसेंबरमध्ये उलट बाजूने मोकळीक मिळाली: कार्ड फोनच्या स्वतःच्या अँटेनावर टेकवता येईल, पण पिन घेता येणार नाही. ही दोन्ही कामे एकाच फोनवर करू देणारे मानक २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲपलने आयफोनवर थेट कार्ड टेकवण्याची सोय जाहीर केली होती. या मानकांप्रमाणे चालणारे ॲप स्वतःच्या आणि फोनच्या अवस्थेची खबर दूरच्या सर्व्हरला सतत देत असते, आणि फोनची मूळ सुरक्षा कोणी तोडलेली आढळली तर व्यवहार घेणे थांबवले जाते. म्हणजे हा फोन एकटा विश्वासपात्र मानलेला नाही. त्याच्यावर पाळत ठेवण्याची व्यवस्था चालू असेपर्यंतच त्याच्यावर विश्वास टाकलेला आहे.

ग्राहक म्हणून आपण तीन गोष्टी पाहाव्यात. कार्ड टेकवण्यापूर्वी रक्कम पडद्यावर दिसलीच पाहिजे. कार्ड आपल्या हातातून जाता कामा नये. आणि विक्रेता कार्डाचा क्रमांक फोनच्या कीबोर्डवर टाइप करू लागला किंवा कार्डाचा फोटो घेऊ लागला, तर तिथेच नकार द्यावा आणि रोख पैसे द्यावेत किंवा काउंटरवर जावे. वर सांगितलेली सारी सुरक्षा त्या एका कृतीने निकामी होते, कारण टाइप केलेला क्रमांक कूटबद्ध होण्यापूर्वी फोनला उघडा दिसतो. कार्डामागचा तीन अंकी क्रमांक आणि पिन व्यवहार मंजूर झाल्यावर कोणत्याही रूपात, कूटबद्ध करूनसुद्धा, साठवायचे नसतात. हा नियम जगभरच्या सर्व दुकानांना सारखाच लागू आहे.

प्रश्न: मी विक्रेती आहे. आमच्या मालकांनी प्रत्येकीला स्वतःच्या फोनवर बिलाचे ॲप घ्यायला सांगितले आहे. मी नाही म्हणू शकते का?

नोकरीच्या कराराविषयी मी काही सांगू शकत नाही, पण ही मागणी योग्य नाही एवढे निःसंदिग्धपणे सांगतो. दुकानाचा फोन एकाच ॲपमध्ये बंदिस्त करता येतो, तो हरवला तर दुरूनच पुसून टाकता येतो आणि त्यावर काय घालायचे ते मालक ठरवू शकतो. हीच सत्ता आपल्या खासगी फोनवर दिली, तर ज्या दिवशी दुकानाला तो पुसावा लागेल त्या दिवशी आपल्या घरच्यांचे फोटोही जाऊ शकतात. ती सत्ता दिली नाही, तर आपल्या फोनवर असलेल्या इतर साऱ्या ॲप्सशेजारी दुकानाचे पैशांचे व्यवहार उघड्यावर राहतात. शिवाय पैशांचा मेळ लागला नाही की पहिला संशय कोणाच्या फोनवर जाईल, हे वेगळे सांगायला नको. काच फुटली, बॅटरी झिजली, डेटा संपला, तर तो खर्च कोणाचा, हे या मागणीत बहुधा ठरलेलेच नसते. मालकांना सांगावे की फोन दुकानाचा असावा, तो पाळी संपल्यावर दुकानातच राहावा आणि प्रत्येकीने आपल्या वेगळ्या क्रमांकाने त्यात प्रवेश करावा, म्हणजे कोणते बिल कोणी केले याची नोंद स्वच्छ राहील. यात मालकांचेही हित आहे आणि ते त्यांना पटावे.

प्रश्न: गर्दीच्या वेळी फोनचे नेटवर्क जाते. एका ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले आणि फार मनस्ताप झाला. हे कसे टाळावे?

आपल्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली नेटवर्क जाण्याची, दुसरी ते गेल्यावर काय करायचे ते आधी न ठरवल्याची. दुसरी अधिक गंभीर आहे.

नेटवर्क गर्दीतच का जाते, तर माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे असते आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषते. रिकाम्या दुकानात घेतलेल्या चाचणीला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. त्यातच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे जेमतेम तीनच चॅनेल वापरले जातात, १, ६ आणि ११. ग्राहकांचे फोन, शेजारच्यांचे राउटर आणि आपले बिलिंग या तिन्हींची दाटी तिथेच होते. बिलाच्या फोनना ५ गिगाहर्ट्झवर, ग्राहकांच्या मोफत वाय-फायपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवावे. फिरता फोन एका ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या एका यंत्राला, चिकटून राहतो, हीही नेहमीची तक्रार आहे. आयफोन, उदाहरणार्थ, सिग्नलचा जोर, जो डीबीएम या एककात मोजतात, उणे ७० च्या खाली उतरेपर्यंत दुसरा ॲक्सेस पॉइंट शोधायलाच लागत नाही. म्हणून दुकानाच्या कोणत्याही कोपऱ्यात तो त्या पातळीला पोचण्याआधीच दुसऱ्याच्या कक्षेत यावा, अशा बेताने ॲक्सेस पॉइंट बसवावे लागतात.

आता दुहेरी कपात. व्यवहाराचा निरोप बँकेकडे पोचला, तिने तो मंजूर केला, आणि मंजुरीचा निरोप परत येताना वाटेत हरवला, हा या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत धोक्याचा क्षण आहे. फोनवर ‘प्रतिसाद नाही’ असे दिसते, विक्रेती भांबावते, मागे चार माणसे उभी असतात, आणि ती म्हणते, “पुन्हा एकदा टेकवा.” बँकेच्या लेखी तो नवा व्यवहार असतो. यात विक्रेतीचा दोष नाही. तिला दुसरा मार्गच दाखवलेला नसतो. योग्य रचनेत फोन प्रत्येक बिलाला पाठवण्यापूर्वीच एक अनन्य क्रमांक देतो, उत्तर आले नाही तर त्याच क्रमांकाने ‘याचे काय झाले?’ असे विचारतो, आणि समोरची व्यवस्था तो क्रमांक आधीच पाहिला असेल तर नवी कपात न करता जुनेच उत्तर परत देते. तेही शक्य न झाल्यास व्यवहार उलटवण्याचा निरोप आपोआप रांगेत ठेवला जातो आणि नेटवर्क आल्याबरोबर जातो. आपल्या पुरवठादाराला एवढेच विचारा की कार्ड टेकवल्यानंतर त्याच क्षणी वाय-फाय बंद केले तर काय होते, आणि ते आपल्यासमोर करून दाखवायला सांगा. ज्याला ते करून दाखवता येत नाही त्याचे ॲप घेऊ नका.

नेटवर्क नसताना व्यवहार फोनमध्ये साठवून नंतर पाठवण्याची सोयही काही ॲप्समध्ये असते. तिचा अर्थ नीट समजून घ्यावा: बँकेने होकार देण्याआधीच माल ग्राहकाच्या हाती गेलेला असतो आणि पुढे नकार आला तर नुकसान सहसा दुकानाचे असते. लहान रकमांपुरती मर्यादा घालून ही सोय वापरायला हरकत नाही. मंजुरी मिळाल्याची पावती दिसेपर्यंत ॲप बंद करायचे नाही, आणि शंका आल्यास दुसऱ्यांदा कार्ड न घेता काउंटरवर तपासायचे, ही दोन वाक्ये मात्र प्रत्येक विक्रेत्याला पाठ हवीत.

प्रश्न: फोन दिवस संपेपर्यंत टिकत नाहीत. काय करावे?

पडदा, कॅमेरा आणि ब्लूटूथ सतत चालू राहिले की असे होणारच. दुपारच्या सुट्टीत सगळे फोन एकदम चार्जिंगला लावू नयेत, आळीपाळीने लावावेत, आणि नेमकी ती जागा काउंटरजवळ, डोळ्यांसमोर असावी. फोन रात्रभर शंभर टक्क्यांवर आणि उबेत ठेवल्याने बॅटरी लवकर झिजते. फोनच्या सेटिंग्जमध्ये चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घालता येत असेल तर रात्रीसाठी ती घालावी. अनेक फोनमध्ये चार्जिंगच्या साधारण पाचशे पूर्ण चक्रांनंतर बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येते असे धरले जाते, म्हणजे रोज एक चक्र झाले तर दीड वर्षाच्या आतच बॅटरी बदलण्याचा खर्च आधीपासून धरलेला बरा. पाठ फुगलेला फोन त्याच दिवशी वापरातून काढावा.

प्रश्न: एवढे सारे करून रांग खरोखर कमी होते का? की काउंटरच काढून टाकावे?

रांग कमी होते, आणि अपेक्षेपेक्षा जास्त होते. टेलिफोनच्या तारांवरील गर्दीचा गणिती अभ्यास करणारे डेन्मार्कचे आग्नेर क्रारूप एरलांग यांनी १९०९ मध्ये जो विषय सुरू केला, त्याचे साधे सूत्र इथे लागू पडते. ग्राहक अनियमितपणे येतात आणि प्रत्येक बिलाला लागणारा वेळही अनियमित असतो असे मानले, तर जो काउंटर ९० टक्के वेळ व्यग्र आहे तिथे ग्राहकाला सरासरीने नऊ बिलांएवढा वेळ थांबावे लागते. व्यग्रता ८० टक्क्यांवर आली की तोच वेळ चार बिलांएवढा होतो. एका बिलाला दोन मिनिटे धरली तर अठरा मिनिटांची आठ मिनिटे झाली, आणि त्यासाठी नऊ ग्राहकांपैकी एकालाच फोनवर वळवावे लागले. म्हणून फोनधारी विक्रेत्यांनी सगळ्यांची बिले करण्याची गरज नाही. रांगेत एक-दोन वस्तू हातात घेऊन, कार्ड काढून उभे असलेले ग्राहक त्यांनी शोधावेत.

काउंटर मात्र काढू नका. रोख पैसे कुठेतरी मोजावे लागतात आणि त्यासाठी कुलूपबंद गल्ला लागतो; विक्रेत्याच्या खिशात सुट्टे पैसे देणे हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. वस्तूवरचे चोरीविरोधी टॅग काढणारे जोरकस चुंबकही एका जागी जखडलेले असावे लागतात, नाहीतर तेच चोरीला जाते. ॲपवर पैसे भरलेल्या ग्राहकाच्या वस्तूला टॅग तसाच राहिला आणि दारातली घंटा वाजली, तर त्या माणसाला सर्वांसमोर थांबवले जाते, पिशवी तपासली जाते, आणि तो पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकत नाही. फोन घेण्यापूर्वी टॅग कोण, कुठे आणि केव्हा काढणार, हे ठरलेले असले पाहिजे. परत आलेला माल आणि मोठी अदलाबदलही काउंटरवरच राहू द्यावी.

प्रश्न: मला दिसत नाही. पूर्वीच्या यंत्रावर मी बोटांनी पाचचा आकडा ओळखून पिन टाकत असे. आता सपाट काच पुढे करतात आणि विक्रेता म्हणतो, “पिन सांगा, मी टाकतो.” मी काय करावे?

पिन कोणालाही सांगू नका. विक्रेत्यालाही नाही, आणि त्याने ती मागणे हे कितीही सद्हेतूने असले तरी चुकीचेच आहे. जुन्या यंत्रावरच्या पाच आकड्याच्या कळीवर जो उंच ठिपका असतो, तो आपल्यासारख्यांसाठीच ठेवलेला आहे, आणि काचेवर तो नसल्यामुळे फोनवर बिल करण्याच्या या सोयीने आपली एक सोय काढून घेतली, हे मान्य केलेच पाहिजे. काही ॲप्समध्ये आवाजाच्या साथीने काचेवर आकडे शोधण्याची पद्धत असते. ती वापरता येत असेल तर हेडफोन लावून वापरावी, कारण आकडे मोठ्याने बोलले गेले तर गुप्तता राहत नाही. आपल्या स्वतःच्या फोनमध्ये कार्ड घालता येत असेल तर तो टेकवणे हा आज बऱ्याच अंशी सोपा मार्ग आहे, कारण ओळख पटवण्याचे काम आपल्याच फोनवर, बोटाच्या ठशाने किंवा आपल्या सवयीच्या पद्धतीने होते आणि दुकानाच्या काचेला हात लावावा लागत नाही.

दुकानदारांना माझे सांगणे असे आहे की साऱ्या दुकानात निदान एक तरी कळांचे, उंच ठिपक्याचे पिनयंत्र चालू स्थितीत ठेवावे, ते कोठे आहे ते प्रत्येक विक्रेत्याला ठाऊक असावे, आणि ग्राहकाने मागण्याआधी ते त्याच्याजवळ आणून द्यावे.